कॉमिक्सचा लिलाव: हेरिटेज, कॉमिकलिंक, कॉमिककनेक्ट की ईबे? विकणाऱ्याच्या हाती नक्की किती पडतात?

हडसनकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो. एका इस्टेट सेलमध्ये एकगठ्ठा घेतलेली ७०-८० मार्व्हल कॉमिक्स विकायची आहेत, बहुतेक १९७२ ते १९७८ मधली. त्यात वजनदार अंक दोनच: ‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ (नोव्हेंबर १९७४, वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक) आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १२९ (फेब्रुवारी १९७४, पनिशर पहिल्यांदा येतो तो). दोन्ही रॉ आहेत, ग्रेडिंग झालेलं नाही. बाकीची १० ते ६० डॉलरच्या पट्ट्यातली. आलेल्या पैशातून ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ १ (१९७५) सीजीसी (कॉमिक्सची प्रत १० पैकी आकड्यात ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणारी कंपनी) ९.० च्या आसपास घ्यायचा विचार आहे, म्हणजे विकणंही आहे आणि घेणंही.

हेरिटेज खरेदीदाराकडून २०% जादा घेतं, कॉमिकलिंक घेत नाही. पण हेरिटेजवर भाव जास्त दिसतात. मग विकणाऱ्याला स्वस्त कोण पडतं? आधी ग्रेडिंग करून घ्यावं की ऑक्शन हाऊसलाच करू द्यावं? आणि सगळा गठ्ठा एकाच ठिकाणी द्यायचा का?

उरलीसुरली_वजाबाकी

हेरिटेजवर भाव जास्त *दिसतात* याचं अर्धं कारण छपाईत आहे. त्यांच्या संग्रहात नोंदलेली किंमत बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून बोलीवर घेतलेली ती जादा टक्केवारी) धरून असते. कॉमिकलिंक आणि कॉमिककनेक्टची किंमत म्हणजे नुसती बोली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘इथे भाव चांगला मिळाला’ म्हणणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका.

२०१० चा फेब्रुवारी बघा. कॉमिककनेक्टवर ‘ॲक्शन कॉमिक्स’ १ ची ८.० ग्रेडची प्रत १० लाख डॉलरला गेली. त्याच आठवड्यात हेरिटेजवर ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७, तीही ८.० ग्रेडची, १०,७५,५०० डॉलरला गेली आणि बातम्यांत बॅटमनने सुपरमॅनला मागे टाकलं असं छापून आलं. त्या वेळी प्रीमियम १९.५% होता. १०,७५,५०० ला १.१९५ ने भागा: हातोडा (म्हणजे प्रीमियम सोडून शेवटची बोली) ९ लाखांवर पडला होता. अलीकडचे विक्रमही असेच उलगडतात. एप्रिल २०२४ मधली ‘ॲक्शन’ १ ची ६० लाखांची प्रत म्हणजे ५० लाखांचा हातोडा, आणि नोव्हेंबर २०२५ मधला ‘सुपरमॅन’ १ चा ९१.२ लाखांचा आकडा म्हणजे ७६ लाखांचा.

आता तुमचा हिशोब. एखादा खरेदीदार तुमच्या अंकासाठी खिशातून एकूण १,२०० डॉलर काढायला तयार आहे असं धरा. सराईत माणूस प्रीमियम वजा करूनच बोली लावतो.

२०% प्रीमियमच्या घरात (ऑक्शन हाऊसमध्ये) तो १,००० वर थांबेल. विक्रेत्याचं कमिशन शून्य असलं तरी तुम्हाला १,०००. म्हणजे त्याने दिलेल्या पैशातले ८३%.

बिनप्रीमियमच्या घरात तो १,२०० पर्यंत जाईल. कमिशन १०% धरलं तर तुम्हाला १,०८०. म्हणजे ९०%.

पहिल्या घराने बरोबरी साधायची तर तुम्हाला हातोड्याच्या १०८% द्यायला हवेत. ही अशक्य गोष्ट नाही. मोठ्या किमतीच्या अंकांसाठी प्रीमियम घेणारी घरं त्या प्रीमियममधला वाटा विक्रेत्याला देतात, पण तो मागावा लागतो. तुमच्या हल्कसाठी विचारून बघा. ‘विक्रेत्याला शून्य कमिशन’ एवढ्यावर खूश होऊन सही करू नका, प्रीमियमचा भार शेवटी विक्रेत्यावरच येतो.

सही करण्याआधी कन्साइनमेंट करारात (अंक विकायला सोपवण्याच्या करारात) पुढच्या गोष्टी लेखी घ्या: फोटो, कॅटलॉग आणि विमा यांचे वेगळे पैसे आहेत का, अंक मागे घेतला तर दंड किती, राखीव किंमत लावता येते का आणि त्या किमतीला गेला नाही तर काय आकारतात, पैसे किती दिवसांनी मिळतात. साधारण ४५ दिवस धरून चाला. आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर अंकाचं काय होतं हेही विचारा, ते कलम बहुतेक जण वाचतच नाहीत.

शिवणवाला

हिशोब वर झालाच आहे. मी फक्त अंकांबद्दल लिहितो, कारण घर कुठलंही निवडलं तरी भावात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

हल्क १८१ हातात घ्या आणि आधी वाचकांच्या पत्रांचं पान उघडा. तिथे मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प छापलेला असतो. मार्व्हलने १९७४ पासून मुलांना ती तिकिटं कापून वहीत चिकटवायला सांगितलं होतं आणि मुलांनी मनापासून कापली. चौकोन कापलेला असेल तर वरून ९.० सारखा दिसणारा अंकही सीजीसीकडून हिरव्या ‘क्वालिफाइड’ लेबलात येतो, नाहीतर नेहमीच्या निळ्या लेबलात तळाच्या ग्रेडला जातो. किंमत कोसळते. त्यानंतर दोन्ही अंकांत मधलं पान दोन्ही स्टेपलना घट्ट आहे का ते बघा, आणि मुखपृष्ठ सोडून ३२ पानं मोजा.

पुढे रिस्टोरेशन, म्हणजे नंतर केलेली डागडुजी. उजेड तिरपा धरून पाठीच्या (स्पाइनच्या) कडेवर काळी शाई किंवा मार्कर फिरवलाय का ते बघा. रंग भरलेला असेल तर कव्हरच्या आतल्या बाजूला पाझरलेला सापडतो. कडा आतल्या पानांच्या मानाने फारच सरळ आणि ताज्या दिसत असतील तर अंक कापलेला असू शकतो. रंग भरलेला किंवा कापलेला अंक जांभळ्या लेबलात जातो आणि जांभळ्याला मागणी कमी.

ग्रेडिंग कुणी करावं, याचं उत्तर या दोन अंकांपुरतं तरी सोपं आहे: ऑक्शन हाऊसमार्फत पाठवा. ती पैसे आधी न घेता विक्रीतून वळते करतात, अंक एकदाच प्रवास करतो आणि आणताना-नेतानाच्या विम्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. स्वतः पाठवला तर फी आधी भरा, परत मागवा, पुन्हा पाठवा. स्वतः पाठवण्यात एकच फायदा: ग्रेड बघून मग घर निवडता येतं. ९.४ आला तर तुमच्याकडे वाटाघाटीला बळ असतं. ७.० आला तर फारसा फरक पडत नाही.

प्रेसिंगचा प्रश्न लगेच येईल म्हणून लिहून ठेवतो. प्रेसिंग म्हणजे ओलावा, उष्णता आणि दाब. रंग न तुटलेल्या घड्या, बोटांचे खळगे, पाठीचा पीळ, लाटा हे सगळं बसतं. जिथे घडीवर शाई तुटून पांढरी रेघ दिसतेय तिथे काहीच होत नाही. डाग, फाटलेली कड, गंजलेल्या स्टेपल यांनाही उपयोग नाही. म्हणून अंक तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा: सावली पडते पण रंग अखंड आहे अशी व्यंगं मोजा. तशी तीन-चार असतील तर पैसे वसूल होतात. सगळ्याच रेघा पांढऱ्या असतील तर प्रेसिंग वगळा. आणि घरच्या इस्त्रीने हे करायचा विचारही नको, पाठ चपटी होते, स्टेपलभोवती कागद फाटतो आणि चकाकी जाते.

आर्लिंग्टनचा_वाचक

‘सगळा गठ्ठा एकाच ठिकाणी’ यावर: नको.

हेरिटेज डॅलसचं. सिग्नेचर लिलाव मोठ्या अंकांसाठी, साप्ताहिक लिलाव बाकीच्यांसाठी. खरेदीदार सर्वांत विखुरलेले तिथे आहेत, नाणी-चित्रं-क्रीडा यांतले श्रीमंत ग्राहक कॉमिक्सकडे वळतात तेही तिथेच. सुवर्णयुगातले दुर्मीळ अंक, मूळ चित्रपानं, नावाजलेल्या पेडिग्री संग्रहातल्या (एकाच मूळ मालकाने जपलेल्या) प्रती यांना या गर्दीचा खरा उपयोग होतो. हल्क १८१ तसा नाही. महत्त्वाचा आहे, पण दुर्मीळ नाही. सीजीसीने तो हजारोंनी ग्रेड केलाय. ७.५ किंवा ८.० ची प्रत कुठेही ठेवलीत तरी घेणारा तोच असतो आणि तो मागच्या ९० दिवसांचे भाव उघडे ठेवून बसलेला असतो. अशा अंकाला मी तरी बिनप्रीमियमचं घर निवडेन.

कॉमिकलिंक १९९६ पासून आहे. लिलावाशिवाय ठरलेल्या किमतीला यादीत ठेवायचीही सोय आहे, म्हणजे घाई नसेल तर अंक आधी किंमत लावून ठेवा, नाही गेला तर पुढच्या लिलावात ढकला. सत्तरच्या दशकातल्या मार्व्हलसाठी तिथलं गिऱ्हाईक पक्कं आहे. कॉमिककनेक्ट न्यू यॉर्कचं, मेट्रोपोलिस कलेक्टिबल्सवाल्यांचं. जोर जुन्या आणि महागड्या अंकांवर. न्यू जर्सीहून प्रत्यक्ष जाऊन अंक हातात देता येतो, टपालाचा धोकाच टळतो. ही गोष्ट तुमच्यासाठी छोटी नाही.

बाकीच्या १०-६० डॉलरवाल्यांसाठी मायकॉमिकशॉप. लोन स्टार कॉमिक्सचीच ती साइट, टेक्ससमधली. ती रॉ अंक स्वतः ग्रेड करून स्वतःच्या जबाबदारीवर विकतात आणि हात आखडता ठेवून ग्रेड देतात, म्हणून खरेदीदार डोळे मिटून घेतो. बायर्स प्रीमियम नाही. नगामागे किमान शुल्क असतं, तेव्हा २० डॉलरखालचे अंक एकेक देऊ नका. सलग क्रमांकांचे गठ्ठे करा, किंवा त्यांच्याच खरेदी यादीत बसत असतील तर सरळ विकून मोकळे व्हा. ४० डॉलरचा अंक सीजीसीला पाठवणं म्हणजे डबीसाठी अंकापेक्षा जास्त मोजणं.

ईबे: शुल्क सगळं धरून १३ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे १०% कमिशनच्या घरापेक्षा महाग, वर फोटो-पॅकिंग-तक्रारी सगळं तुमच्या गळ्यात. रॉ अंकावर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवणारे असतात, आणि परत आलेला अंक तुमचाच आहे हे सिद्ध करणं जड जातं. ईबेवर विकायचंच तर स्लॅब (ग्रेड होऊन डबीबंद झालेला अंक) विका, प्रमाणपत्राचा क्रमांक फोटोत ठळक दिसू द्या.

एक वेळेचा मुद्दा. कॅटलॉग येण्याआधी विचारा की त्याच लिलावात हल्क १८१ च्या त्याच ग्रेडच्या किती प्रती आहेत. चार असतील तर तुमची पुढच्या लिलावात ठेवायला सांगा. घर स्वतःहून सांगणार नाही, विचारलं तर मात्र बहुतेक जण ऐकतात.

हडसनकाठ

खूप आभार, एवढं तपशिलात कुणी सांगत नाही. हल्कमधला स्टॅम्प शाबूत आहे, दोन्ही अंकांत पानं ३२ भरली. हल्कच्या पाठीवर पांढऱ्या रेघा दोन, बाकी नुसते खळगे. म्हणजे प्रेसिंगला जागा दिसते. आता घेण्याबद्दल सांगा. ‘जायंट-साइझ’ १ साठी २,००० डॉलरच्या वर जायचं नाही असं धरलं, तर बोली कुठे थांबवायची? आणि डबीत असलेला अंक म्हणजे निर्धास्त, असं समजायचं का?

उरलीसुरली_वजाबाकी

२,००० हे दारात पडेपर्यंतचे धरतो. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५%, आणि तो बोली, प्रीमियम, पाठवणी या सगळ्यावर लागतो. २,००० ला १.०६६२५ ने भागा: १,८७६. पाठवणीचे ३० वजा केले की १,८४६. बिनप्रीमियमच्या घरात हीच तुमची शेवटची बोली. २०% वाल्या घरात ती १.२ ने भागा: १,५३८. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा आणि लिलाव सुरू झाल्यावर बदलू नका. कार्डाने पैसे भरल्यावर काही ठिकाणी वेगळी टक्केवारी लागते, तेव्हा चेक किंवा बँक ट्रान्सफर.

ईबेवर घड्याळ ठरल्या सेकंदाला बंद होतं, त्यामुळे शेवटच्या पाच-सात सेकंदांत एकदाच पूर्ण बोली टाकायची. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढवणाऱ्या घरांत हा डाव चालत नाही. तिथे कमाल बोली आधीच टाकून ठेवली तरी बिघडत नाही. समान बोली आल्यास आधीची धरतात.

शिवणवाला

डबी म्हणजे निर्धास्त, असं अजिबात नाही. २०२३ च्या अखेरीस उघड झालं की काही जणांनी सीजीसीच्या डब्यांतले चांगले अंक काढून कमी प्रतीचे घातले, आणि ‘डबी खराब झाली, बदलून द्या’ म्हणून रीहोल्डरला पाठवून नवी कोरी डबी मिळवली. त्यात हल्क १८१ सुद्धा होते. सीजीसीने नंतर संशयित क्रमांकांची यादी जाहीर केली.

तेव्हा बोलीआधी प्रमाणपत्राचा क्रमांक सीजीसीच्या साइटवर टाका. ग्रेड, पानांचा रंग, लेबलावरच्या नोंदी आणि ग्रेडिंगची तारीख जुळली पाहिजे. मग तोच अंक पूर्वी विकला गेलाय का शोधा. हेरिटेजचा संग्रह नोंदणी केली की फुकट उघडतो आणि फोटो मोठे दिसतात, त्यातच खरी गंमत आहे. प्रत्येक प्रतीला ओळखखुणा असतात: स्टेपल कव्हरवर किती मिलिमीटर खाली बसली आहे, पाठीवर चित्र किती मागे वळलंय, कोपऱ्याला कुठे ठिपका आहे. जुना आणि नवा फोटो शेजारी लावा. स्टेपलची जागा कधी बदलत नाही. एकाच क्रमांकाखाली ती वेगळी दिसली तर तो दुसरा अंक आहे, सोडून द्या. आणि क्रमांक वेगळा पण खुणा त्याच असतील तर तो अंक प्रेस करून पुन्हा ग्रेड झालाय. ८.५ चा ९.० झाला यात लबाडी काही नाही, पण तुम्ही कशाला किती मोजताय ते कळतं.

‘जायंट-साइझ’ १ जाड आहे आणि पाठ चौकोनी, कव्हर गोंदाने चिकटवलेलं, त्यावर स्टेपल दिसत नाहीत. म्हणून इथे स्टेपलऐवजी पाठीच्या वरच्या-खालच्या टोकांचे तडे आणि कव्हरची कापणी जुळवा. पाठीवर आडव्या रेघा आणि टोकाला सुटलेला गोंद, हे या अंकाचे नेहमीचे दोष. पानांचा रंग ‘व्हाइट’ आणि ‘क्रीम टू ऑफ-व्हाइट’ यांत ग्रेड तोच असला तरी भावात फरक पडतो. ९.० मध्ये पांढऱ्या पानांची प्रत थोडी महाग पडली तरी तीच घ्या, विकताना ती लवकर जाते.

मुठाकाठचा

पुण्यातून वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण इथून बोली लावणारेही आहेत. पैसे बाहेर पाठवायचे तर बँकेतून एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून वर्षभरातल्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर या कामासाठी २०% टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापतात, तो विवरणपत्रात परत मिळतो पण तोवर अडकतो. प्रीमियमच्या वर ही रोकड अडकणं आणि इथलं सीमाशुल्क धरलं की स्वस्त दिसलेली प्रत स्वस्त राहत नाही. अमेरिकेत विश्वासाचं माणूस असेल तर तिथेच पत्ता द्या.

दुसरं, इंद्रजाल कॉमिक्सचे सुरुवातीचे अंक या घरांना देऊ का, असं इथे अधूनमधून विचारलं जातं. १९६४ च्या मार्चमधला पहिला वेताळ असला तरी त्याला बोली लावणारे मुंबई, पुणे, इंदूर, कोलकात्याकडे बसलेत, डॅलसमध्ये नाहीत. इथल्या संग्राहकांच्या गटांतच विका.

आर्लिंग्टनचा_वाचक

अंक पाठवायचे असतील तर पॅकिंग नीट करा. नुकसान लिलावात कमी आणि टपालात जास्त होतं. रॉ अंक मायलर (जाड पारदर्शक प्लास्टिकच्या) पिशवीत, मागे बोर्ड. पिशवीची झडप साध्या चिकटपट्टीने बंद करू नका, काढताना ती कव्हराला चिकटते. निळी पेंटर्स टेप वापरा. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठे, एकाच्या नाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनच वाकत नाही. पुठ्ठे अंकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठे, नाहीतर कोपरे मार खातात. मग खोक्यात खोकं. स्लॅब असेल तर आणखी जपा: आपटला की आतला अंक सरकून कोपरे चेपतात आणि डबी मात्र जशीच्या तशी दिसते.

यूएसपीएसचं रजिस्टर्ड मेल हळू जातं पण प्रत्येक टप्प्यावर सही होते आणि ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. फेडएक्स संग्राह्य वस्तूंचं जाहीर मूल्य १,००० डॉलरच्या वर मानत नाही, त्यामुळे हल्क तिथे टाकू नका.

कर: वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर फेडरल दर जास्तीत जास्त २८%, शेअरसारखा २०% नाही. वर्षाच्या आत विकलं तर नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने. गठ्ठा एकत्र घेतलाय, तर इस्टेट सेलची पावती शोधा आणि खरेदीची किंमत अंकांच्या त्या वेळच्या भावाच्या प्रमाणात वाटून आताच तक्ता करून ठेवा. कमिशन, ग्रेडिंग, प्रेसिंग, टपाल यांच्या पावत्याही त्यातच. खरेदीची तारीख बघा. वर्ष पुरं व्हायला दोन-तीन महिनेच राहिले असतील तर हल्क ग्रेडिंगला आता पाठवा आणि लिलाव त्या तारखेनंतरचा मागा.